एका मूर्तीचा एक साचा

तापवून मऊ केलेली प्लॅस्टिकची शीट दाबलेल्या हवेने रेटून साच्याच्या अंगाशी भिडवावी आणि निवताच तिला कायमचा आकार लाभावा, ही प्रेशर फॉर्मिंगची रीत आज कारखान्यांतून रूढ आहे. केवळ निर्वाताच्या बळावर शीट ओढून घ्यायची, तर वातावरणाचा जो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भार, त्यापलीकडे जोर मिळत नाही. दाबलेल्या हवेने तो कित्येक पटींनी वाढवता येतो, आणि म्हणूनच साच्यावरील बारीक रेघ व धारदार कोपराही वस्तूवर स्पष्ट उमटतो. या रीतीचा सारा हिशेब साच्याच्या टिकाऊपणावर उभा आहे. परंतु साच्याचे कुळ धुंडाळू लागल्यास, दर वस्तूगणिक साचा फोडणारी जी जुनी शाखा आढळते, ती आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात अद्याप जिवंत आहे.

निजामाच्या अमलात १९०५ साली स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळालेला हा मुलूख मराठीला परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आपला किनवट तालुका याच जिल्ह्यात मोडत असे. येथील जैनूरजवळच्या उशेगावात (२०१६ पासून हे गाव आसिफाबादच्या नव्या जिल्ह्यात गेले) ओझा कारागीर राजगोंडांसाठी पितळी देवमूर्ती, घंटा, दिवे आणि मोर ओततात. प्रथम मातीचा गाभा घडवून वाळवायचा. मग राळ मिसळलेल्या मेणाचे सूत काढून ते गाभ्यावर वेढ्यावेढ्याने बसवायचे, डोळे, दागिने, पिसारा सारे मेणातच उमटवायचे. त्यावर बारीक चाळलेल्या मातीचा लेप आणि पुढे जाड मातीचे कवच चढवायचे, मात्र मेणाला वाट राखून. भट्टीत मेण वितळून निघून जाते, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत पितळेचा रस ओतला की मेणाचे सूत जसे होते तसे धातूत अवतरते. येथे हवेचा दाब नाही, यंत्र नाही. लेपाची माती मेणाच्या प्रत्येक रेषेला किती नेमकी चिकटली, यावरच सर्व अवलंबून असते. शेवटी कवच फोडल्यावाचून मूर्ती हाती येत नाही.

या विद्येचे वय फार मोठे आहे. १९२६ मध्ये मोहेंजोदडोला सापडलेली जेमतेम १०.५ सेंटिमीटर उंचीची नर्तकी याच तत्त्वाने ओतलेली आहे, आणि १९७४ साली आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादेस मिळालेले भरीव रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांची गणनाही मेणओतीतच होते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात हा विधी शब्दबद्ध केला. धातू किती घ्यावा, हे तेथे मेण तोलून ठरविले आहे: चांदी मेणाच्या १२ पट, सोने १६ पट. ज्याला ओतशाळेचा धूर ठाऊक आहे, त्यालाच असे प्रमाण सांगता येते. राजाच्या ग्रंथात कारागिराची तागडी यावी, याचे मला मोठे अप्रूप वाटते. उशेगावच्या ओझांनी ग्रंथ वाचला नसेल, पण मेण, माती आणि अग्नी यांचा क्रम त्यांच्या हाती तोच आहे.

ओझांच्या या ओतकामास ‘आदिलाबाद ढोकरा’ या नावाने २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. तथापि मानांकनाने खर्च उतरत नाही. कारखान्यात एका साच्याचे मोल हजारो वस्तूंवर विभागले जाते. ओझाच्या घरी एका मूर्तीलाच तिच्या साच्याचे मेण, माती, सरपण आणि कित्येक दिवसांची मेहनत असा सगळा भार सोसावा लागतो. म्हणून पौष अमावास्येस केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे, की त्यांनी उशेगावची वाट धरावी, वस्तू कारागिराकडूनच घ्यावी आणि त्याने सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नये.