एका दात्याचा फरक

सध्या पोस्टिंग म्हैसूरला आहे, एनसीसीत. राहायला हिनकलमध्ये. संध्याकाळी फिरायला निघालो की हुणसूर रस्त्याकडेचं एक गॅरेज लागतं. परवा तिथे एक जुनी लॉरी समोरचं कव्हर उघडून उभी होती आणि मिस्त्री केरोसीनच्या फडक्याने कॅमशाफ्टचा गिअर पुसत होता. एका दात्यावर पंचने मारलेली बारीक खूण. ती सापडल्यावर त्याने तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मी तिथेच थांबलो. त्या ठिपक्याशी माझा जुना हिशेब आहे.

तोफखान्यातल्या माणसाला तोफ जितकी महत्त्वाची, तितकीच ती ओढणारी गाडी. भारतीय तोफखान्याची पहिली फील्ड ब्रिगेड १५ जानेवारी १९३५ रोजी इथून जवळच, बंगळूरला उभी राहिली. घोड्यांचा जमाना तेव्हा सरत आला होता. आधीच्या महायुद्धातली १८ पौंडी तोफ सहा घोडे ओढत. दुसऱ्या महायुद्धातल्या २५ पौंडी तोफेचं वजन सुमारे १६०० किलो, शिवाय दारूगोळ्याचा लिंबर, आणि हे सगळं ओढायला मॉरिस क्वाड. तिची शक्ती अवघी ७० हॉर्सपॉवर. कॅनडात बनलेल्या फोर्ड गन ट्रॅक्टरला व्ही-८ इंजिन होतं, तरी तेही ९५ च्या आसपासच. आज एखादी घरगुती मोटारही याहून जास्त आकडा दाखवते. पण तिच्यामागे तोफ जोडून चढावर सोडा, क्लचचा वास येईल.

कारण हॉर्सपॉवरचा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. ओढण्याचं काम चालतं हजार-बाराशे फेऱ्यांवर. तिथे लागतो टॉर्क, आणि तिथला टॉर्क बराचसा ठरतो व्हॉल्व्ह कधी मिटतो यावर.

पिस्टन तळाला पोचला म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह मिटायला हवा, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. क्रँक आणखी चाळीसेक अंश फिरेपर्यंत तो उघडाच असतो. वेगात आत येणारी हवा स्वतःच्या झोकाने घुसत राहते, पिस्टन वर यायला लागला तरी. शर्यतीच्या इंजिनात हा व्हॉल्व्ह आणखी उशिरा मिटवतात, कारण तिथे फेरे जास्त आणि हवेचा झोकही जास्त. पण कमी फेऱ्यांवर झोकच नसतो. व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा राहिला तर वर येणारा पिस्टन आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. सिलिंडर अर्धवट भरलेला, दाब कमी, ओढ कमी. म्हणून ओझ्याच्या इंजिनाचा कॅम इनटेक लवकर मिटवणारा घडवतात. वरच्या फेऱ्यांवर दम कमी पडतो, पण त्याची तिथे गरजही नसते.

जबलपूरला पूर्वी बनलेली निसान वन टनर याच पठडीतली. इंजिन सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसी, पेट्रोल. बोअर ८५.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११४.३. लांब स्ट्रोकचं, सावकाश चालणारं इंजिन. जोंगालाही हेच. (जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून पडलं, हे जुन्या मंडळींना सांगायला नको.)

मी लेफ्टनंट असताना आमच्याकडे सेवेतून उतरत चाललेली अशीच एक वन टनर होती. इंजिन नुकतंच उघडून बांधलं होतं. रेंजवर सराव चालू होता आणि गाडीमागे पाण्याचा ट्रेलर. सपाटीवर गाडी ठीक पळायची, पण गन पोझिशनच्या चढावर तीनदा बंद पडली. वर जवान पाण्याची वाट बघत होते. ड्रायव्हर साताऱ्याकडचा नाईक, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. म्हणाला, "साहेब, गाडी खालून ओढतच नाही." मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "गाडीत काही नाही, तुम्हाला क्लच सांभाळता येत नाही." पाणी शेवटी जेरीकॅनमधून खांद्यावर गेलं.

दोन दिवसांनी ईएमईच्या एका हवालदाराने गाडी बघितली. प्लग ठीक, कार्बोरेटर ठीक, इग्निशनचं टायमिंग खुणेवर. मग त्याने कॉम्प्रेशन गेज लावला. सहाही सिलिंडरचा दाब कमी, आणि सगळ्यांचा सारखाच कमी. रिंगा किंवा व्हॉल्व्ह खराब असते तर एखाददुसरा सिलिंडर पडला असता. सहा एकदम पडतात म्हणजे व्हॉल्व्ह सगळीकडेच उशिरा मिटतोय. कव्हर उघडलं, तर कॅमचा गिअर एक दाता मागे बसवलेला. कॅमच्या गिअरला ४८ दाते धरले तर एक दाता म्हणजे साडेसात अंश. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या हिशेबात १५. इग्निशन नंतर वेगळं जुळवल्यामुळे चूक झाकली गेली होती.

शक्तिमानमध्ये ही चूक अशी लपली नसती. १९५९ पासून जबलपूरला बनलेला तो जर्मन मान कंपनीचा ट्रक डिझेलवर चालायचा. डिझेल इंजिनात वर आलेला पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागाच इतकी कमी असते की टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याची भीती. पुशरॉड वाकला की कळतंच. पेट्रोल इंजिन सोसतं, म्हणून फसवतं.

गंमत म्हणजे याच म्हैसुरात, यादवगिरीला, १९६१ पासून जावा मोटारसायकली बनायच्या आणि त्यांच्यात कॅमशाफ्टच नव्हता. टू स्ट्रोकमध्ये पिस्टनच वर-खाली होताना पोर्ट उघडतो आणि मिटवतो. दाता चुकवायची सोयच नाही. कारखाना १९९६ साली बंद पडला, पण हिनकलच्या रस्त्यावर जावा अजून दिसते.

नाईकाची मी माफी मागितली, पण ऑफिसात, दोघेच असताना. बोललो होतो चौघांत. तो "ठीक आहे साहेब" म्हणाला आणि सॅल्यूट करून गेला. पुढच्या वर्षी तो पेन्शनवर गेला.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने दोन्ही ठिपके समोरासमोर आणले. मग पाना लावून हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे दिले. ठिपके पुन्हा समोरासमोर आले, तरी त्याने आणखी दोन फेरे दिले. लॉरीवाला घाई करत होता. हुणसूरहून तंबाखूचा माल उचलायचा होता. मिस्त्रीने मान वर केली नाही. मला तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, बत्ती पकडो." मी टॉर्च धरून उभा राहिलो.