जवस : रंगाचा आणि चटणीचा

नागपूरच्या दुकानांत ‘फ्लॅक्स सीड्स’ म्हणून पाकिटात मिळतो तो आपला जवसच. त्याच्या पौष्टिकतेचा शोध नवा मानला जातो. मला या दाण्याचा जुना प्रवास महत्त्वाचा वाटतो.

१८६७ साली रेल्वे मुंबईहून नागपुरात पोहोचली. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. मध्य प्रांतातला जवस युरोपच्या बाजारात जाऊ लागला. तिथे त्याच्या तेलाचे रंग, वॉर्निश आणि लिनोलियम होत असे. या तेलात जवळजवळ निम्मे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ असते. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून रंगवाल्यांना हवे होते. आज आहारतज्ज्ञ ज्याचे कौतुक करतात, तेच हे आम्ल.

याच गुणामुळे तेल लवकर खवट होते. घरची रीत त्यावर उपायच आहे : दाणा सबंध साठवायचा, लागेल तेवढाच भाजायचा आणि कुटून चटणी करायची. न कुटलेला दाणा बराचसा तसाच शरीराबाहेर पडतो.

तरीही त्याला औषध म्हणू नये. माशांतल्या ओमेगा-३ मध्ये या आम्लाचा थोडाच भाग शरीरात बदलतो. चटणी हे अन्न आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर संशोधन होते. विदर्भातला पेरा मात्र आटत गेला. पाकिटावरचे नाव बदलले, भाव चढला. पण वावरातली जवसाची निळी फुले कमी झाली. आरोग्याच्या या हिशेबात शेतकरी कुठे बसतो, हे आपण विचारायला हवे.