भिंतीवरचें चित्र आणि त्याची प्रत



सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर चौकटींतलें चित्र आलें, तें छापखान्याच्या कृपेनें. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं चित्रशाळा काढली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. एकेका रंगासाठीं निराळा दगड, अशा रीतीनें छापलेलीं लक्ष्मी-सरस्वतीचीं चित्रें घरोघर पोंचलीं. राजवाड्यांतील मूळ चित्र ज्यांच्या दृष्टीसही पडलें नसतें, त्यांनीं प्रतीपुढें हात जोडले. मूळ चित्र एकाचें, प्रत सर्वांची, हें समाजानें तेव्हांच मान्य केलें.

आज त्याच भिंतीवर अमूर्त चित्राची प्रत लागते. मुंबईंत गिरगांवच्या चाळींत वाढलेले वासुदेव गायतोंडे यांनीं १९४८ सालीं सर जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली, आणि पुढें आपल्या चित्रांतून मनुष्य, वृक्ष, घर सारें काढून टाकलें. उरला तो रंग व प्रकाश. त्यांचें १९७९ चें एक चित्र २०१३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या लिलावांत २३ कोटी रुपयांहून अधिक किंमतीस गेलें. अर्थात् आपल्या वाट्यास प्रतच यावयाची.

परंतु येथें एक भेद लक्षांत घ्यावा. रविवर्म्यांच्या शकुंतलेचा रंग छपाईंत थोडा उतरला, तरी शकुंतला ओळखूं येते. कथा प्रतीला सांभाळून घेते. अमूर्त चित्राला असा आधार नाहीं. गायतोंडे रुळानें व सुरीनें रंगाचे थर चढवीत आणि खरवडीत. ते थर हेंच त्या चित्राचें सर्वस्व. कागद सपाट, थरांची खोली त्यावर उतरत नाहीं. मूळ आकार बराच लहान केला, कीं रंगानें आपणांस वेढून टाकण्याची शक्तिही जाते.

म्हणून प्रत घेऊं नये काय? अवश्य घ्यावी. नकाशा म्हणजे मुलूख नव्हे, हें शाळेंत मुलांना सांगावें लागतें; पण नकाशावांचून मुलुखाची ओढही लागत नाहीं. मात्र घेतांना मूळ चित्राचें माप विचारावें, आणि प्रत रीतसर परवानगीनें काढली आहे कीं नाहीं तेंही विचारावें. आपल्या कायद्यानें चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें राहतो. गायतोंडे २००१ सालीं वारले, तेव्हां तो २०६१ अखेरपर्यंत चालेल. चोरून छापलेली प्रत स्वस्त पडेल, पण ज्याच्या कामाचा आपण आदर करूं म्हणतों, त्याचाच तो अपमान होय.

आणि दिल्लीस जाणें झालें, तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत जावें. तेथें गायतोंड्यांचीं मूळ चित्रें आहेत. घरच्या प्रतीवर नजर बसलेली असली, म्हणजे मुळांत काय अधिक आहे, हें कोणी न सांगतां कळेल.