चाकूच्या पात्यावरचं काळं कोटिंग: ते काय वाचवतं आणि काय नाही?

ऑनलाइन खिशातला फोल्डिंग चाकू बघताना 'डीएलसी कोटेड', 'टायटॅनियम कोटिंग', 'ब्लॅक ऑक्साइड', 'ब्लॅक स्टोनवॉश' असे शब्द दिसतात, आणि त्यासोबत किंमतही वाढलेली दिसते. मीही असे जादा पैसे देऊन डी-२ स्टीलचा काळ्या पात्याचा एक चाकू घेतला होता. जुलैमध्ये राजगडावर मुक्कामी गेलो, त्याच चाकूने लिंबू आणि कांदा कापला, पातं पँटला पुसलं आणि चाकू मिटून बॅगेत टाकला. चार दिवसांनी उघडला तर पात्याची काळी बाजू नव्यासारखी, पण धारेवर मात्र नारिंगी ठिपक्यांची रांग! चाकू उघडतानाही आत वाळू अडकल्यासारखी करकर होत होती.

मला वाटलं कोटिंग नकली निघालं. पण कोटिंग खरं होतं आणि त्याने त्याचं काम बरोबर केलं होतं. ते काम नक्की कुठपर्यंत असतं, हेच मला माहीत नव्हतं. चला तर मग, समजून घेऊया.

टूल स्टील म्हणजे काय आणि ते गंजतं का?

टूल स्टील म्हणजे हत्यारं आणि साचे बनवण्यासाठी तयार केलेलं स्टील. पत्रा कापणारे डाय, पंच, ड्रिल बिट अशा गोष्टी यातून बनतात. भोसरी किंवा पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्या कोणालाही 'डी-२' म्हटलं की लगेच कळेल. हे स्टील खूप कडक होतं आणि धार जास्त दिवस धरतं, म्हणून चाकू बनवणाऱ्यांनाही ते आवडतं.

अडचण गंजाची आहे. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर बनवतं. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा तयार होतो. यासाठी साधारण १०.५ टक्के किंवा जास्त क्रोमियम लागतं.

आता गंमत बघा. डी-२ मध्ये ११ ते १३ टक्के क्रोमियम असतं. म्हणजे कागदावर ते स्टेनलेस व्हायला हवं. पण त्यात कार्बनही साधारण दीड टक्का असतो. तो क्रोमियमला पकडून त्याचे कडक कण बनवतो, त्यांना कार्बाइड म्हणतात. धार टिकते ती या कणांमुळेच. पण कणांत अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला मोकळं राहत नाही. म्हणून डी-२ ला 'अर्धं स्टेनलेस' म्हणतात. एम-४ मध्ये क्रोमियम साधारण ४ टक्के असतं आणि ओ-१ मध्ये जेमतेम अर्धा टक्का. ही दोन्ही स्टील्स डी-२ पेक्षा लवकर गंजतात.

घरातली लोखंडी विळी आठवा. कांदा चिरून तशीच ठेवली की काळी पडते, म्हणून आजी ती लगेच धुवून, पुसून, तेलाचा हात लावून ठेवायची. टूल स्टीलचा चाकू त्याच विळीचा महागडा नातेवाईक आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग चांगलाच वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता कित्येक दिवस याच्या वरच असते. कोकणात किंवा मुंबईत त्यात खारी हवाही येते, आणि मीठ गंजाला आणखी मदत करतं.

कोटिंगचे मुख्य प्रकार

१. ब्लॅक ऑक्साइड. पातं कॉस्टिक सोडा आणि इतर क्षारांच्या साधारण १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात बुडवतात. लोखंडाच्या वरच्या थराचं मॅग्नेटाइट बनतं, म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साइड. हा वरून दिलेला रंग नसतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पण थर जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास असतो आणि त्यात बारीक छिद्रं असतात. खरं संरक्षण त्या छिद्रांत मुरलेलं तेल देतं. तेल सुकलं की हे कोटिंग जवळजवळ नावापुरतंच उरतं.

२. सेराकोट आणि पावडर कोटिंग. हे रंगाचे प्रकार आहेत. सेराकोट म्हणजे सिरॅमिकचे कण मिसळलेला पॉलिमर. तो फवारून भट्टीत साधारण १२० अंशांवर पक्का करतात. जाडी साधारण २५ मायक्रॉन असते. पावडर कोटिंग त्याहून जाड असतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जाड थर पाणी चांगलं अडवतो, म्हणून गंजाच्या बाबतीत हे रंग दमदार आहेत. पण ते मऊ असतात. घासून झिजतात, कडेला टवके उडतात, आणि जाड पावडर कोटिंग असलेलं पातं पुठ्ठा किंवा भोपळा कापताना थोडं अडकतं.

३. टायटॅनियम नायट्राइड. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी ड्रिल बिट पाहिलेत? तेच हे. निर्वात पेटीत धातूची वाफ करून ती पात्यावर बसवतात. या पद्धतीला पीव्हीडी म्हणतात. थर काही मायक्रॉनचाच, पण स्टीलपेक्षा कितीतरी कडक. आयफोन १५ प्रोच्या टायटॅनियम चौकटीवरचा रंगही पीव्हीडीनेच दिलेला आहे.

४. डीएलसी. 'डायमंड लाइक कार्बन', म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन. यात कार्बनचे काही अणू हिऱ्यासारखे जोडलेले असतात आणि काही ग्रॅफाइटसारखे. त्यामुळे थर कडकही असतो आणि गुळगुळीतही. जाडी साधारण १ ते ४ मायक्रॉन. २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या ॲपल वॉचच्या काळ्या स्टेनलेस स्टील मॉडेलवर हाच थर होता. घासण्याला तोंड देण्यात यातलं सर्वांत सरस हेच.

आणि हो, स्टोनवॉश हे कोटिंग नाही. पातं सिरॅमिकच्या खड्यांसोबत ड्रममध्ये फिरवलं की त्यावर बारीक खुणा उठतात आणि पुढचे ओरखडे त्यात लपतात. गंजापासून वेगळं कवच मिळत नाही. 'ब्लॅक स्टोनवॉश' म्हणजे आधी काळं कोटिंग आणि मग हे फिरवणं. 'बीड ब्लास्ट' केलेलं खरखरीत राखाडी पातं, त्यावर कोटिंग नसेल, तर गुळगुळीत पात्यापेक्षा लवकर गंजतं, कारण खरखरीत पृष्ठभागात ओल अडकून राहते.

मग माझी धार का गंजली?

कारण धारेवर कोटिंग नव्हतंच! बहुतेक कारखान्यांत आधी पात्याला कोटिंग देतात आणि शेवटी धार लावतात. धार लावणं म्हणजे धातू घासून काढणं, त्यात कोटिंगही जातं. तुमच्याकडे धारेवर थर असलेलं पातं आलं, तरी पहिल्यांदा दगडावर घासलं की तो थर संपला. म्हणजे चाकूचा सर्वांत पातळ, सर्वांत महत्त्वाचा भाग उघडाच राहतो. लिंबाचा रस, कांद्याचं पाणी, घाम, सगळं आधी तिथेच लागतं. गंजाने तिथे सूक्ष्म खड्डे पडले की धार बोथट होते, चाकू वापरलेला नसला तरी.

दुसरी जागा बिजागरीची. पातं जिथे मुठीत फिरतं तिथे घर्षण सतत असतं, आणि मिटलेल्या मुठीत ओल अडकून बसते. करकर तिथूनच येत होती.

तिसरी जागा ओरखड्यांची. पीव्हीडी आणि डीएलसी थरांत डोळ्याला न दिसणारी छिद्रं असू शकतात. टायटॅनियम नायट्राइडसारखा थर स्वतः गंजत नाही, पण छिद्रातून पाणी खाली गेलं तर गंज त्या एका ठिपक्यात एकवटतो आणि खोल जातो. म्हणून सोनेरी किंवा काळ्या पात्यावर टाचणीच्या टोकाएवढा नारिंगी ठिपका दिसला, तर दुर्लक्ष करू नका.

थोडक्यात, कोटिंग पात्याच्या बाजू वाचवतं. धार तुम्हालाच वाचवावी लागते.

विकत घेताना काय बघायचं?

- आधी स्टील, मग कोटिंग. ओ-१ किंवा एम-४ वर कोटिंगचा फायदा मोठा आहे. डी-२ वर मध्यम. चांगल्या स्टेनलेसवर ते मुख्यतः चमक कमी करण्यासाठी आणि दिसण्यासाठी असतं.
- नुसतं 'ब्लॅक कोटिंग' लिहिलंय? मग तो रंग असण्याची शक्यता धरूनच किंमत ठरवा. डीएलसी दिलेलं असेल तर विक्रेता ते सहसा मोठ्या अक्षरात सांगतो.
- 'टायटॅनियम कोटिंग' म्हणजे टायटॅनियमचं पातं नव्हे. आत कोणतं स्टील आहे, ते विचाराच.
- जुन्या चाकूवर परीक्षा. लायनर लॉक असलेल्या चाकूत एक छोटी गोळी पात्याच्या बुडावर घासते आणि अर्धगोल रेघ उमटते. रेघ चंदेरी झाली असेल तर थर घासून निघालाय. रेघ काळीच पण चकचकीत असेल तर थर कडक आहे. मित्राचा वापरलेला चाकू मिळाला तर ही रेघ नक्की बघा.

घरी कोटिंग करता येईल का?

पीव्हीडी आणि डीएलसी घरी अजिबात होत नाही, त्याला निर्वात पेटी लागते. काही जण व्हिडिओ बघून पातं गॅसवर तापवून निळं-काळं करतात. हे करू नका. कडक केलेलं पातं योग्य तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो, आणि डी-२ च्या अनेक पात्यांना ही प्रक्रिया साधारण २०० अंशांवर केलेली असते. गॅसची ज्योत पातळ धारेला क्षणात त्याच्या कितीतरी पुढे नेते. लोहाराच्या भाषेत, पात्याचं पाणी उतरतं. मग धार कितीही लावा, टिकत नाही. कारखान्यातही कोटिंगचं तापमान स्टीलला सोसेल असंच निवडावं लागतं, ते याच कारणासाठी.

बाटलीत मिळणाऱ्या 'कोल्ड ब्लू' द्रावणात सेलेनियमची विषारी संयुगं असतात. फळं कापायच्या चाकूला ते लावू नका.

सुरक्षित उपाय आहे पॅटिना. ओ-१ सारख्या स्टीलचं पातं साबणाने स्वच्छ धुवून, पुसून, काही मिनिटं कोमट व्हिनेगरमध्ये ठेवा. करडा-काळा थर येतो. मग लगेच धुवा, कोरडं करा आणि तेल लावा. यामुळे नारिंगी गंज थोडा उशिरा धरतो, थांबत नाही. डी-२ वर क्रोमियममुळे हा थर नीट आणि एकसारखा बसत नाही.

माझी आताची पद्धत

1. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुतो. समुद्रावर नेला असेल तर हे त्याच दिवशी.
2. पुसून अर्धा तास उघडाच ठेवतो, म्हणजे बिजागरीतली ओल जाते.
3. धारेवर आणि बिजागरीत तेलाचा एकेक थेंब. अन्नाला चालणारं मिनरल ऑइल सर्वांत चांगलं. पुठ्ठा आणि दोरी कापायच्या चाकूला शिवणयंत्राचं तेलही चालतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं.
4. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवत नाही, चामडं ओल धरून ठेवतं. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवतो.
5. धार लावली की लगेच तेल. ताजा घासलेला धातू सर्वांत लवकर गंजतो.

नेहमीचे प्रश्न

कोटिंगमुळे धार जास्त टिकते का? नाही. धारेवर ते नसतंच. धार टिकते ती स्टील आणि त्याच्या कडकपणामुळे.

अशा चाकूने फळं कापली तर चालतं का? डीएलसी आणि टायटॅनियम नायट्राइड अन्नाशी प्रक्रिया करत नाहीत. रंगाचे टवके उडत असतील तर तो चाकू पुठ्ठा आणि दोरीसाठी ठेवा.

आलेला गंज कसा काढू? धारेवरचा हलका गंज धार लावताना निघून जातो. बाजूचा ठिपका तेल लावून मऊ कापडाने घासा. तारेची घासणी वापरू नका, रंग असेल तर गंजाआधी रंगच निघेल.

माझ्या त्या चाकूच्या धारेवरचे ठिपके दगडावर दहा मिनिटांत गेले. दोन खड्डे मात्र खोल होते, ते जाईपर्यंत धार बरीच मागे घ्यावी लागली, आणि घासलेलं स्टील परत येत नाही. राजगडावर चाकू धुवून कोरडा केला असता आणि तेलाचा एक थेंब लावला असता, तर तेवढं स्टील वाचलं असतं.