अपोलो १३ : जमिनीवरच बिघडलेली टाकी

अपोलो १३ म्हटलं की बहुतेकांना सिनेमा आठवतो. वाटेत स्फोट, तीन माणसं आणि त्यांना परत आणायची धडपड. ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मला सांगायचीय ती त्याआधीची, यान अजून जमिनीवर होतं तेव्हाची.

फुटलेली ऑक्सिजनची दोन नंबरची टाकी मुळात या यानाची नव्हतीच. ती अपोलो १० मध्ये बसवली होती. काही सुधारणा करायच्या म्हणून ऑक्टोबर १९६८ मध्ये टाक्यांची अख्खी चौकट काढायला घेतली, तेव्हा एक बोल्ट काढायचा राहिला. चौकट उचलताना जेमतेम पाच सेंटिमीटर खाली आदळली. तपासणीत काही सापडलं नाही. पुढे ती अपोलो १३ ला लागली.

मार्च १९७० मध्ये केनेडी स्पेस सेंटरवर उड्डाणाची रंगीत तालीम झाली. नंतर टाक्यांतला ऑक्सिजन काढायचा होता. एक नंबरमधून निघाला, दोन नंबरमधून निघेना. भरण्याच्या नळीचा आतला जोड बहुधा त्या आदळण्यात सरकला होता. मग तोडगा निघाला: टाकीतले हीटर लावून ऑक्सिजन उकळवून घालवायचा. हीटर तब्बल आठ तास चालले.

मेख इथेच आहे. साधारण २७ अंश सेल्सिअसला हीटरची वीज तोडायला थर्मोस्टॅटचे स्विच होते, पण ते यानातल्या २८ व्होल्टसाठी बनवलेले. जमिनीवरचा पुरवठा ६५ व्होल्टचा! १९६५ मध्ये हीटरचं स्पेसिफिकेशन बदललं, स्विच मात्र तेच राहिले. उघडायला गेले आणि ठिणगीनं जागीच चिकटले. आत काही ठिकाणी तापमान ५४० अंशांच्या आसपास गेलं असावं. वायरींवरचं टेफ्लॉन करपलं.

कुणाला दिसलं कसं नाही? तापमापकाची पट्टीच २७ अंशांच्या आसपास संपत होती. काटा टोकाला टेकला की ते रीडिंग धरायचं नाही, हे आपल्याला बीएस्सीच्या प्रॅक्टिकललाच बजावतात. (तरी आपण धरतोच, ते सोडा.)

टाकी बदलायला किमान ४५ तास लागले असते, शिवाय बदलताना दुसरं काही मोडायची भीती. भरायची नळी उड्डाणात लागत नाही, मग चालेल, असं ठरलं. कमांडर जिम लव्हेलनंही संमती दिली. त्यातला आपला वाटा त्यानं पुढे लिहून मान्य केला. मला हा निव्वळ हलगर्जीपणा वाटत नाही. सगळी चर्चा नळीवर झाली. आठ तास तापलेल्या हीटरचं काय, हे कुणी विचारलंच नाही.

११ एप्रिलला उड्डाण झालं. सुमारे ५६ तासांनी ह्यूस्टनच्या सांगण्यावरून जॅक स्वायगर्टनं टाकीतले पंखे लावले. उघड्या वायरींत ठिणगी पडली, आणि दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये टेफ्लॉनही पेटतं.

अपोलो १४ च्या टाक्यांतून ते पंखे काढून टाकले, वायरी स्टेनलेस स्टीलच्या आवरणात घातल्या आणि तिसरी टाकी दिली, ती पहिल्या दोघींपासून लांब, यानाच्या दुसऱ्या बाजूला.