माशाचा गृहप्रवेश

गेल्या वर्षी मी एक समुद्री मासा आणला आणि हौसेच्या भरात त्याच दिवशी घरच्या टाकीत सोडला. आठ दिवसांत त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. पाठोपाठ माझे दोन्ही जुने मासे गेले. रिकाम्या टाकीसमोर बसून मी या छंदाचा इतिहास वाचू लागलो.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची मोलकरीण खिडकीशी उभी राहून ते खारे पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. प्रवाळ जगले. बाईंचे नाव इतिहासात राहिले; मोलकरणीचे मात्र नाही.

आता पंप आले. पण धीर काही विकत मिळत नाही. नव्या माशासाठी वेगळी टाकी मांडावी. तिचे पाणी त्याच्या पाण्यात तासभर थोडे थोडे मिसळावे आणि मग त्याला एकट्यालाच तिच्यात सोडावे. पिशवीतले पाणी टाकून द्यावे. महिनाभरात रोग असला तर तिथेच कळतो. थोरल्या टाकीचे माप त्याने नंतर ओलांडावे.

परवा पुन्हा मासा आणला. वाटीवाटीने पाणी घालताना हात भरून आला, आणि ती अनामिक बाई आठवली.