स्वतःची तबकडी कीं दुसऱ्याची ?

डीजे म्हणून जो श्रोत्यांपुढें उभा राहतो त्यानें स्वतः रचलेलें संगीत वाजवावें कीं इतरांच्या तबकड्या वाजवाव्या, हा वाद वरचेवर कानीं येतो. दुसऱ्यांच्या तबकड्या लावणारा तो कसला कलावंत, असें एक पक्ष म्हणतो. आपलेंच घोडें पुढें दामटणारा तो कसला डीजे, असें दुसरा म्हणतो. दोघेही तत्त्वाची भाषा बोलतात. परंतु हा प्रश्न तत्त्वाचा होण्यापूर्वीं गरजेचा होता, असें आम्हांस वाटतें. आणि ती गरज अमेरिकेंतील शिकागो शहरीं कशी उत्पन्न झाली हें पाहिल्यावांचून त्याचा निवाडा करूं जाणें व्यर्थ होय.

१९७७ सालीं न्यूयॉर्कचा फ्रँकी नकल्स हा तरुण शिकागोंतील ‘वेअरहाउस’ नामक नृत्यगृहांत तबकड्या वाजविण्यास आला. तेथें जमणारा समाज मुख्यत्वें कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या समलिंगी तरुणांचा. इतरत्र ज्यांस दार मोकळें नव्हतें असा. नकल्स वाजवी तें सारें परक्यांचें. पुढें १२ जुलै १९७९ रोजीं त्याच शहरांतील कोमिस्की पार्क क्रीडांगणावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनीं उडविण्यांत आला. प्रेक्षक मैदानांत घुसले व दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्कोची बाजारांतील पतही त्याच सुमारास उतरली आणि मोठ्या कंपन्यांनीं त्यांतून अंग काढून घेतलें. नाचणारांची भूक तीच, नव्या तबकड्यांची आवक मात्र आटली! तेव्हां नकल्स जुन्या गाण्यांच्या ध्वनिफिती कापून व सांधून तीं लांबवूं लागला. कालांतरानें त्यानें तालयंत्रही जोडीस घेतलें. अशा रीतीनें तयार झालेलें गाणें कोणाचें म्हणावें? ‘हाउस’ हें नांव ज्या संगीतास वेअरहाउसवरून पडलें, त्याचा जन्मच या संदिग्ध भूमींत झाला आहे.

जेसी साँडर्स या दुसऱ्या डीजेची गोष्ट तर गमतीचीच आहे. त्याची एक आवडती तबकडी चोरीस गेली. तेव्हां त्यानें व्हिन्स लॉरेन्सच्या साह्यानें तिच्याच नांवाची ‘ऑन अँड ऑन’ ही आपली तबकडी १९८४ सालीं काढली. हाउसची पहिली तबकडी म्हणून बहुधा हिचाच उल्लेख होतो. चोराचे आभार मानावे कीं काय, न कळे!

आतां याची उलट बाजू. जपानच्या रोलँड कंपनीनें बास गिटारच्या ऐवजीं वापरण्यास काढलेलें टीबी-३०३ हें यंत्र फारसें खपलें नाहीं. १९८४ सालीं तें बंद झालें. जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळालेल्या अशाच एका यंत्राच्या कळा भलत्याच पिळून डीजे पिअर, स्पँकी व हर्ब जे या तिघांनीं एक चमत्कारिक नाद काढला व त्याची फीत ‘म्युझिक बॉक्स’मधील रॉन हार्डीच्या हातीं दिली. पिअर सांगतो कीं, हार्डीनें ती प्रथम लावली तेव्हां नाचणारे निघून गेले. हार्डीनें ती त्याच रात्रीं पुन्हां लावली, पुन्हां लावली. चौथ्या खेपेस लोक बेभान झाले. आपलेंच वाजवावें असा हार्डीचा बाणा असता, तर ती फीत पेटींतच राहती. मात्र लोक तिला ‘रॉन हार्डीचा ॲसिड ट्रॅक’ म्हणूं लागले. करणारे तिघे बाजूस, वाजविणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं. हा अन्याय खरा, आणि परक्यांचें संगीत वाजविणाऱ्यावर घेतला जाणारा सर्वांत सबळ आक्षेपही हाच.

१९८७ सालीं ती फीत ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नांवानें तबकडीच्या रूपांत बाहेर पडली. तिजवर नांव होतें तें त्या तिघांच्या ‘फ्यूचर’ या मेळाचें.